बर्फात टाकलेलं मीठ

वीज गेली तेव्हा फिलू आत्या एका नवरीचा पांढरा झगा शिवत होती. मशीनची मोटर घरघरत थांबली, सुई कापडात अडकून राहिली, आणि आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गेली. आता कधी येते कोण जाणे." बाहेर वारा नुकताच सुटला होता. नंदाखालच्या आमच्या वाडीत वारा आधी नारळांना कळायचा, मग केळींना, आणि केळी हलू लागल्या की पप्पांच्या कपाळावर आठी यायची. त्या संध्याकाळी ते पडवीत उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत. केळ आडवी होताना आवाज फार मोठा होत नाही, ओलं धुणं दगडावर आपटावं तसा धप्प होतो. आम्ही आत बसून ते धप्प ऐकत होतो आणि मी मोजत होते. तेहतीसपर्यंत मोजले, मग कौलांवर नारळाची झावळी कोसळली आणि मोजणी चुकली.

मोजण्याची, लिहून ठेवण्याची सवय मला लहानपणापासून आहे. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, बारावी सायन्सची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, आणि माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. घरात काय आहे, काय संपलं, कुणाला काय द्यायचं, सगळं त्या वहीत. घरातली माणसं चारच: पप्पा, आई, मी आणि पप्पांची धाकटी बहीण फिलू आत्या. आत्या मला तलाठीण म्हणायची. "वहिनी, साखरेच्या डब्याला हात लावू नका, तलाठीण बाईंचा पंचनामा व्हायचाय अजून." आई हसायची, मी रागवायची, आणि रागावून साखरेचा डबा खरोखरच बघून यायची. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर माझ्या नवऱ्यालाही कळणार नाही, तो सांगलीकडचा. म्हणून घरातली सगळी बोलणी साध्या मराठीत लिहिते आहे. आत्याचे टोमणे त्यामुळे थोडे बोथट झाले आहेत.

आत्या छत्तीस वर्षांची होती. चौदाव्या वर्षी तिला मधुमेह झाला, तोही असा की इन्सुलिनशिवाय चालणार नाही. सकाळी एक इंजेक्शन, संध्याकाळी एक. तिला पाहायला येणारी माणसं चहा पीत, झगे बघत, कौतुक करत, आणि इंजेक्शनचं कळलं की पुन्हा येत नसत. तिने ते मनाला लावून घेतल्याचं मी तरी पाहिलं नाही. "आगाशीपासून माणिकपूरपर्यंत निम्म्या नवऱ्या मी सजवल्या," म्हणायची. "दिवसभर कापडाला सुई, सकाळ-संध्याकाळ मला. आम्ही दोघंही तक्रार करत नाही." रविवारी चर्चमध्ये मिस्सेला ती गायनवृंदात पहिल्या रांगेत असायची. तिचा आवाज फार गोड होता असं नाही, पण खणखणीत होता. बाकीच्या बायका तिच्या आवाजाला धरून गायच्या, जशी अंधारात माणसं भिंतीला धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर जाऊन आले. विजेचे खांब एका बाजूला झोपले होते, तारा आंब्याच्या फांद्यांत गुंतल्या होत्या, आणि चर्चकडे वळायच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ओढ्यात पडला होता. टेलिफोनही बंद. वायरमनने सांगितलं, चार दिवस. ते अकरा झाले. आता आमच्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत आणि वीज वीस मिनिटं गेली तरी माझी मुलगी घरभर येरझारा घालते. तेव्हा आम्ही त्या चार दिवसांना फार घाबरलो नव्हतो. मी वही घेऊन बसले आणि घराची व्यवस्था लावली. विहिरीची मोटर बंद, म्हणून दोर आणि बादली. सकाळी पप्पा, संध्याकाळी मी. कंदिलाला रॉकेल किती, मेणबत्त्या किती. फ्रिजमधली सुरमई आईने एका दुपारी सगळी तळली आणि शेजारच्या तीन घरांत वाटली. त्या जेवणाची चव मला अजून आठवते. लाईट गेल्यामुळे सणासारखं जेवलो.

पडलेल्या केळींचे घड पप्पा तोडून घरात आणत राहिले. बाहेर ठेवले तर कुजतील, आणि बाजारात न्यायला रस्ता नाही. बैठकीत घड, खाटांखाली घड, आत्याच्या मशीनमागे घड. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, बंद घर, पंखा नाही. तिसऱ्या दिवसापासून ते सगळे एकदम पिकू लागले. घरभर तो गोड, जड, किंचित आंबूस वास भरून राहिला. अंथरुणाला, केसांना, भाताला सुद्धा. हा वास मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

फ्रिज बंद पडल्यावर माझ्या यादीत सगळ्यात वर एकच गोष्ट होती, आत्याचं इन्सुलिन. एक चालू बाटली आणि एक नवी, अशा दोन. नवी बाटली दहा-अकरा दिवस पुरायची. मी खोका उलटसुलट करून वाचला. दोन ते आठ अंश सेल्सिअस.

"माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेव," आत्या झग्याला टाचण्या लावत म्हणाली. "काही होत नाही त्याला."

"आत्या, इथे स्पष्ट लिहिलंय. दोन ते आठ."

"लिहिलंय. मग वीज मंडळाला दाखव ते."

"मी बर्फ आणते."

"बर्फ? कुठून आणणार? बर्फाचे कारखाने काय आकाशातल्या विजेवर चालतात?"

"राजोडीहून. कोळ्यांच्या पेट्यांत असेल."

आत्याने तोंडातल्या टाचण्या हातावर काढल्या. "बावीस वर्षं मी हे औषध सांभाळतेय की तू?" ती म्हणाली, पण हसत. मग आईकडे बघून, "जाऊ दे वहिनी हिला. काहीतरी आणल्याशिवाय हिची वही मिटायची नाही."

मी सायकल काढली. रस्त्यात तीन ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन झाडं ओलांडली. राजोडीला होड्या वर ओढून ठेवल्या होत्या, जाळी वाळूत पसरलेली, आणि दारापुढे एक कोळीण मोठ्या पेटीतले मासे खाली-वर करत बसली होती. आई तिच्याकडून नेहमी मासळी घ्यायची, त्यामुळे तिने मला ओळखलं.

"बरफ? बरफ कनाला गो बाय? मासली घेतलीस कुठं?"

"औषध ठेवायचंय. आत्याचं."

"ने मग. होड्या बंदच हायत, आमी तरी काय करनार." तिने थर्माकोलचा एक डबा भरून दिला, पैसे घेतले नाहीत. मी डबा मागे बांधत होते तेव्हा तिने हाक मारली. "असाच नको नेवस. दुपारपरत पानी होईल त्याचं. खडं मीठ मार वरशी, दोन मुठी. मीठ मारलं का बरफ जोर धरतो. आमी मासलीला तसंच करतो."

घरी आल्यावर मी दोन्ही बाटल्या स्टीलच्या छोट्या डब्यात घातल्या, डबा बर्फात पुरला आणि वरून दोन मुठी खडेमीठ टाकलं. संध्याकाळी आणखी दोन मुठी. वहीत लिहिलं: मीठ, सकाळ-संध्याकाळ. मीठ घातलं की बर्फाचं तापमान शून्याच्या खाली जातं हे मी दोन-तीन महिन्यांपूर्वी रसायनशास्त्राच्या पेपरात लिहून आले होते, आणि त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले असणार याबद्दल मला शंका नाही. तो पेपर आणि तो डबा यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी डबा उघडला. चालू बाटली दगडासारखी घट्ट झाली होती. नवीही तशीच. मी स्वयंपाकघरात एकटी होते. आई विहिरीवर, पप्पा वाडीत. मी चालू बाटली मुठीत धरली, मग काखेत धरली. हळूहळू ती सुटली. ते इन्सुलिन मुळातच दुधासारखं पांढरट, वापरण्याआधी तळहातांत घोळवायचं असतं. काचेला आतून बारीक कण चिकटलेले दिसले. मी जरा जास्त घोळवलं, कण गेले. किंवा मला दिसेनासे झाले. मग मी डब्यातलं मीठ धुऊन टाकलं, बर्फावर फडकं ठेवलं, वहीतल्या ओळीवर काट मारली आणि बाटली आत्याच्या हातात दिली. काही सांगितलं नाही. काही बिघडलंय असं मला वाटत होतं का? वाटत होतं. पण ती हसली असती, आईला सांगितलं असतं, पप्पांना जेवताना सांगितलं असतं, आणि मी रात्रीपर्यंत तलाठीण होऊन बसले असते. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण असतं तर मला आज बरं वाटलं असतं.

आत्याने माझ्यासमोर सकाळी बावीस युनिट घेतले, संध्याकाळी चौदा. मी वहीत खूण केली. त्या दिवशी तिने मशीनची मोटर काढून जुना पायटा बसवून घेतला, कारण झगा शनिवारच्या लग्नाचा होता. दारात उजेडाला मशीन ओढून ती दिवसभर पाय मारत होती. संध्याकाळी म्हणाली, "पायांत दम राहिला नाही गं. मोटरने लाडावून ठेवलं मला." पाणी खूप प्यायली. आम्ही सगळेच खूप पाणी पीत होतो, उकाडा तसाच होता. दुसऱ्या दिवशी तिने दोनदा टाका चुकवला, आणि तिने टाका चुकवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानंतरच्या सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या.

आमच्या आळीत त्या आठवड्यात बऱ्याच जणांची पोटं बिघडली होती. वादळात विहिरींत पालापाचोळा पडला होता, पाणी गढूळ होतं. पलीकडच्या घरातल्या दोघांना तेच झालं होतं आणि ते बरेही झाले होते. त्यामुळे आईने आत्याला पेज करून दिली. ती पोटात राहिली नाही. मग आईला भीती वाटली की पोटात काही नाही आणि वर इंजेक्शन, म्हणजे साखर एकदम खाली येईल. तिने मीठ-साखरेचं पाणी करून चमच्याचमच्याने पाजलं. साखर मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. महिन्यातून एकदा माणिकपूरला जाऊन रक्त देऊन यायचो. आई पाजत होती, मी वाटी धरून उभी होते. त्यापुढच्या दिवशी दुपारी आत्याचा श्वास मोठा आणि खोल झाला, चढण चढून आल्यासारखा. तिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो असं अशा वेळी म्हणतात. डॉक्टरांना त्या वासावरूनच कळतं. आमच्या घरात मात्र दीडशे घड एकदम पिकत होते. मी तिच्या तोंडाशी वाकून तिला हाक मारत होते आणि मला फक्त केळ्यांचा वास येत होता.

पप्पा वाडीतून आले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि शेजाऱ्यांचा टेम्पो घेऊन आले. मागे गादी टाकली. वाट तोवर मोकळी झाली होती, पण माणिकपूरला पोहोचायला तास गेला. एका खासगी दवाखान्यात जनरेटर चालू होता, तिथे घेतलं. पाच दिवसांनी पहिल्यांदा विजेचा दिवा पाहिला आणि माझे डोळे दिपले.

डॉक्टर तरुण होते, दोन-तीन दिवस झोपले नसावेत. नर्स सलाईनसाठी शीर शोधत होती. डॉक्टरांनी प्रश्न विचारले आणि उत्तरं मी दिली, कारण सगळं माझ्याकडे लिहिलेलं होतं.

"इन्सुलिन चालू आहे?"

"हो. सकाळी बावीस, संध्याकाळी चौदा. एकदाही चुकलं नाही."

"तुमच्याकडे वीज नाही ना? ठेवलं कुठे होतं?"

"बर्फात."

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बर्फात? गोठलं नव्हतं ना? एकदा गोठलं की गेलं ते. वितळलं तरी उपयोगाचं नाही. अहो, साधं सावलीत गार जागी ठेवलं असतं तरी महिनाभर चाललं असतं."

मी हातातली वही मिटली. आत्याचे डोळे इतका वेळ मिटलेले होते. ते उघडले, आणि तिने डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. सगळं कळायला तिला किती वेळ लागला असेल? दोन श्वास. मग ती बोलली, तुटक, पण तोच खणखणीत आवाज कुठूनतरी गोळा करून.

"डॉक्टर, तिला माहीत नाही काही. मी घेतलंच नाही."

"घेतलं नाही म्हणजे?"

"सुई टोचल्याचं दाखवलं. तीन दिवस."

"का?"

"कंटाळा आला," आत्या म्हणाली. "बावीस वर्षं झाली."

डॉक्टर चिडले. शिकलेली माणसं, जिवाशी खेळ, असं बरंच बोलले आणि बोलता बोलता उपचार करत राहिले. कारण कोणतंही असलं तरी उपचार तेच असतात आणि तिच्या त्या बोलण्याने त्यात फरक पडला नाही. हे मी पुढे एका डॉक्टर मैत्रिणीला वेगवेगळ्या वेळी तीनदा विचारून घेतलं आहे. पप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत्याकडे असे बघत होते, जसं कुणी भर रस्त्यात त्यांच्या तोंडात मारलं असावं.

थोड्या वेळाने ते औषधं आणायला गेले आणि आई पाणी आणायला. आत्याने बोटांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले.

"हे वहीत नको लिहूस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला, ती गेली. त्याच संध्याकाळी दफन झालं, वीज नसल्यामुळे थांबता येत नव्हतं. गायनवृंदातल्या बायका आल्या होत्या. गाणं सुरू करायची वेळ आली तेव्हा त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. सुरुवात नेहमी आत्या करायची. शेवटी फादरांनीच सुरू केलं, खालच्या पट्टीत. शनिवारच्या नवरीच्या झग्याची खालची पट्टी राहिली होती, ती आईने हाताने घातली. नवरीची आई झगा न्यायला आली तेव्हा दारात उभी राहून रडली आणि झगा घ्यायला तयार होईना. आईने तो घडी करून तिच्या हातात दिला.

दफनाच्या दुसऱ्या सकाळी पप्पांनी मला पडवीत बोलावलं. त्यांच्या हातात माझी वही होती.

"यात रोज खूण आहे. सकाळ, संध्याकाळ."

"हो."

"तू बघत होतीस ना तिला घेताना?"

हा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला होता. माझ्याकडून त्यांना काय ऐकायचं होतं ते मला आज कळतं. त्यांना ऐकायचं होतं की मी पाहिलं, तिने घेतलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं. मी म्हणाले, "ती आत जाऊन घ्यायची. घेतलं म्हणायची. मी खूण करायची."

पप्पांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि वाडीत गेले. त्या दिवशी त्यांनी पडलेल्या केळींचे बुंधे एकट्याने तोडले, अंधार पडेपर्यंत.

वीज आली तेव्हा आई फ्रिज पुसून घेत होती. आतला दिवा लागला, आईने दार लावलं आणि पुसणं अर्धवट टाकून ओसरीत जाऊन बसली. केळी कुजली होती; पप्पांनी ती खड्ड्यात पुरली.

मी पुढे शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, माणिकपूरला फ्लॅट घेतला. एका शाळेचं कार्यालय मी वीस वर्षं सांभाळते आहे आणि माझ्या हातून कागद हरवत नाही असं माझं नाव आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पापनिवेदनाला गेले आणि फादरांना सगळं सांगितलं, मिठासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, चूक म्हणजे पाप नाही, पण वडिलांना खोटं सांगितलंस ते जाऊन खरं कर. आणि काही प्रार्थना म्हणायला सांगितल्या. प्रार्थना मी त्याच दिवशी म्हटल्या.

दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही चर्चमागच्या दफनभूमीत जातो. पप्पा स्वतः वाढवलेली झेंडूची फुलं नेतात, दगड धुतात, आणि मग त्यांच्या बहिणीशी बोलतात. पहिली काही वर्षं ते रागावून बोलायचे. नंतर राग गेला आणि फक्त प्रश्न उरला, तो रागापेक्षा वाईट होता. "कंटाळा आला होता तर मला सांगायचं होतंस, फिलू. माझ्या घरात काय कमी होतं तुला?" आई असताना ती त्यांचा हात धरून बाजूला न्यायची. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी त्यांचा हात धरायची आणि म्हणायची, "चला पप्पा, ऊन झालं."

गेल्या वर्षी पप्पांना इन्सुलिन सुरू झालं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, हात थरथरतो, म्हणून मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी नंदाखालला जाऊन टोचते. महिना-दोन महिने नीट गेले. एका मंगळवारी मी सुई काढून कापूस दाबत होते तेव्हा ते म्हणाले, "तू काळजी करू नको. मी फिलूसारखं करणार नाही. आपल्या माणसांना सोडून जावं इतका कंटाळा नाही आला मला."

मी कापूस धरून तशीच उभी राहिले. मग खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. राजोडीचा बर्फ, मीठ, दगड झालेली बाटली, काख, कण, डॉक्टरांचा प्रश्न, आत्याने माझ्याकडे पाहिलं ते, आणि पडवीतलं माझं उत्तर. क्रमाने सांगितलं. मला तेवढंच येतं.

त्यांनी माझ्या हातातला कापूस काढून घेतला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तिला कंटाळा आला नव्हता?"

"नाही पप्पा. ती रोज घेत होती. दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला, आणि मी इतकी वर्षं काय अडवून ठेवलं होतं ते मला त्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते माझ्याकडे वळले. "सतरा वर्षांची होतीस. ते कळतं मला. सतराव्या वर्षी माणूस घाबरतं. पण नंतर तीस झालीस. चाळीस झालीस. तुझी आई गेली. तेव्हा?"

मी सुई डब्यात टाकली आणि डबा बंद केला.

"गाडी काढ," पप्पा म्हणाले.

दफनभूमीत त्या वेळी कुणी नव्हतं. माळी दूर टोकाला गवत कापत होता. फुलं आणली नव्हती, पाणी आणलं नव्हतं. पप्पा फाटकाशी थांबले, माझा हात सोडला आणि म्हणाले, "तू इथेच थांब." काठी टेकत ते एकटे गेले. दगडाशी उभं राहून ते आमच्या बोलीत बोलत होते. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते, आवाज येत होता. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहान बहिणीशी बोलायचा असणार, माझ्या जन्माआधीचा. एकदा ते हसले सुद्धा. मग खाली वाकले, दगडावर हात ठेवला, आणि पुष्कळ वेळ तसेच राहिले.

परत आले तेव्हा दमले होते. फाटकाच्या खांबाला टेकले.

"माझं बोलून झालं," ते म्हणाले. "आता तू जा."

मी गेले. दगडावर तिचं नाव आहे आणि खाली वय, छत्तीस. मी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी झाले आहे. तिला काय सांगायचं ते मी वर्षानुवर्षं मनात जुळवून ठेवलं होतं, आधी काय, मग काय. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी तिथे जमिनीवर बसले, ऑफिसच्या साडीत, आणि रडले. मागे वळून पाहिलं तेव्हा पप्पा फाटकाशी उभेच होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. ऊन झालं तरी त्यांनी मला हाक मारली नाही.